उभ्या मागाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

पडवीच्या भिंतीला दोन सागवानी दांडे तिरके टेकवले. साडेसहा-साडेसहा फुटांचे. वरच्या बेचक्यांत आडवा दांडा बसला की सांगाडा झाला. सुताराने विचारलं, झोपाळा करताय का? माग करतेय म्हटल्यावर तो थांबून पुन्हा एकदा बघायला लागला.

तीस वर्षं मी आडव्या मागावर विणलं आणि विणायला शिकवलं. त्यात ताणा, म्हणजे लांबीचे धागे, समोर पसरलेला असतो, आपण बसून धोटा टाकतो. हा माग उभा आहे. ताणा वरून खाली लोंबतो आणि खाली बांधलेल्या मातीच्या वजनांनी ताठ राहतो. कापड वरून सुरू होतं, म्हणून बाणा, म्हणजे आडवा धागा, वरच्या दिशेने ठोकायचा. प्राचीन ग्रीसमध्ये घरोघरी असाच माग असे. त्यांची लाकडं कुजली, लोकर गेली. मातीची वजनं तेवढी राहिली.

पुतणी इतिहासात एम. ए. करतेय. प्रकल्प मुळात तिचा: अथेन्समधल्या बायकांचा रोजचा दिवस, इ. स. पू. पाचवं-चौथं शतक. ती वाचणार, मी विणणार. पहिल्याच दिवशी तिने एका कुपीचं छायाचित्र दाखवलं. अमासिस चित्रकार म्हणून ओळखला जाणाऱ्या अथेनियन कारागिराने ती इ. स. पू. ५५० ते ५३० च्या सुमारास रंगवली. उंची जेमतेम १७ सेंटीमीटर, म्हणजे माझी वीतही तिच्याहून मोठी भरेल. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्याभोवती काळ्या आकृत्यांत बायकाच बायका: तराजूत लोकर तोलणाऱ्या, सूत कातणाऱ्या, तयार कापडाची घडी घालणाऱ्या, आणि मध्ये उभ्या मागापाशी दोघी. विणलेला भाग वरच्या दांड्याला गुंडाळलेला, खाली वजनांची रांग. माझा सांगाडा त्या चित्रावरून घेतलाय.

१७ नोव्हेंबर

माण तालुक्यातल्या एका वाडीवर जाऊन आलो. धनगराच्या घरून चार किलो लोकर आणली. काळी, राठ, मेंढीच्या वासाची. अथेन्समधली लोकर हिच्यापेक्षा मऊ असणार. पण आपल्याकडे आहे ती ही, आणि हिचा धागा पक्का निघतो.

घरी येऊन धुतली. तीन पाणी दिली तरी चौथ्यात काटे, गवत, माती निघतच होती. वाळल्यावर हाताने पिंजली. चार किलोची पिंजून अडीच किलो उरली आणि माझी बोटं मेंढीच्या तेलाने चकचकीत झाली. कापडाचा विचार करताना हे काम डोक्यातच येत नाही. आपल्याला माग दिसतो.

पुतणीने संध्याकाळी वाचून दाखवलं. दक्षिण इटलीत, तारांतोजवळच्या ग्रीक वसाहतीत एक काळा पेला सापडला. त्यावर कोरलंय: मी मेलोसाचं बक्षीस, लोकर विंचरण्यात तिने मुलींना हरवलं. एवढंच. मला ते वाचून फार आनंद झाला. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी लोकर विंचरण्याची स्पर्धा लागत होती, कोणीतरी ती जिंकत होती, आणि तिचं नाव पेल्यावर राहिलं. नाव, पुतणी म्हणाली, हीच या प्रकल्पातली सगळ्यात दुर्मिळ गोष्ट आहे आत्या, बघशील तू.

२४ नोव्हेंबर

कातणं. चरखा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून टकळीच. एका हातात काठीला गुंडाळलेली लोकर, दुसऱ्या हाताने टकळीला पीळ द्यायचा आणि ती लोंबत फिरत असताना बोटांनी लोकर सोडत जायची. मला सुताची टकळी येते. लोकरीची वेगळी. पहिल्या तासात धागा अकरा वेळा तुटला आणि टकळी अकरा वेळा फरशीवर आपटली.

वाडीवरच्या आजी दोन दिवस राहायला आल्या आहेत. घोंगड्यांसाठी जन्मभर लोकर कातली त्यांनी. माझा हात बघून म्हणाल्या, "लई घट्ट धरतीस गं. सैल सोड. लोकर आपसूक येती, वढायची नसती." खरंच तेवढंच होतं. आजी बोलता बोलता कातत होत्या, डोळे दारातल्या कोंबडीकडे. धाग्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

ग्रीक बाया कातण्याआधी लोकरीचे लांबट पेळू मांडीवर वळून घेत. त्यासाठी गुडघ्यापासून मांडीवर बसणारं मातीचं अर्धगोल कवच असे, वरून खवल्यांसारखी खरबरीत नक्षी, म्हणजे लोकर घसरत नाही. त्याला एपिनेट्रॉन म्हणत. अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या एका सुंदर एपिनेट्रॉनवर लग्नघराचं चित्र आहे, नवी नवरी अल्केस्टिस पलंगाला टेकून उभी. आम्ही कुंभाराकडच्या अर्ध्या नळीच्या कौलावर प्रयोग केला. मांडीला रग लागते, पण पेळू खरंच एकसारखा वळतो.

माझा वेग: तासाला ३० मीटर. आजींचा, टकळीवरच, ५० च्या पुढे.

१ डिसेंबर

आज फक्त हिशोब केला.

आमचं कापड छोटं आहे. ४० सेंटीमीटर पन्हा, एक मीटर लांबी, सेंटीमीटरला सहा धागे. म्हणजे ताण्याचे २४० धागे, वाया जाणारा भाग धरून प्रत्येकी दीड मीटर: ३६० मीटर. बाणा २४० मीटर. एकूण ६०० मीटर. माझ्या वेगाने २० तास, एकही धागा न तुटता.

मग एका बाईच्या अंगावरच्या वस्त्राचा हिशोब मांडला. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब, धागे सेंटीमीटरला दहा धरले. ताणा ३,००० मीटर, बाणा ३,००० मीटर. माझ्या वेगाने २०० तास, आजींच्या वेगाने १२०. आणि ही नुसती कातणी. धुणं, पिंजणं, रंगवणं, ताणा लावणं, विणणं बाकीच. हे एका माणसाचं एक वस्त्र. घरात नवरा, मुलं, सासू, दासदासी, वर पांघरुणं. माझ्या पुढ्यात कागद होता आणि मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन याच्या एका ग्रंथात इस्कोमाखोस नावाचा सधन शेतकरी सॉक्रेटिसला सांगतो की त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांचीही नव्हती, आणि कमीत कमी पाहावं, कमीत कमी ऐकावं, कमीत कमी विचारावं अशा शिस्तीत वाढलेली. तिला येत होतं काय, तर लोकर घेऊन वस्त्र करून दाखवणं, आणि दासींना कातणीचं काम कसं वाटून देतात ते पाहिलेलं. बस्स, एवढंच, अशा सुरात तो सांगतो. मला आता त्या 'एवढंच'चं वजन कळलं. पंधराव्या वर्षाआधी ज्या मुलीला लोकरीपासून वस्त्रापर्यंतचं सगळं येतं, तिच्या हाताला किती वर्षांचा सराव असेल! तिचं नाव मात्र त्या संवादात कुठेही येत नाही.

८ डिसेंबर

कुंभाराकडून वजनं भाजून आली. २४ नग, प्रत्येकी साधारण २०० ग्रॅम. एका वजनाला दहा धागे, म्हणजे धाग्याला २० ग्रॅमचा ताण. लाडूसारखी गोल करून घेतली होती, सहा सेंटीमीटर जाडीची, मधून भोक. बारा पुढच्या रांगेत, बारा मागच्या.

लटकवली आणि चूक समोर आली. बारा लाडू शेजारी शेजारी म्हणजे ७२ सेंटीमीटर. कापड ४० चं. ताणा वरून खाली घागऱ्यासारखा पसरला, कडेचे धागे तिरके ओढले गेले. दोन ओळी विणून पाहिल्या, काठ लगेच वाकडा.

वजन बरोबर होतं, जाडी चुकली. तीस वर्षांच्या अनुभवाला हे आधी सुचलं नाही, कारण माझ्या मागाला वजनं नसतात, धाग्यांतलं अंतर फणी धरून ठेवते. इथे फणीचं काम वजनाची जाडी करते. म्हणूनच कोपनहेगनच्या वस्त्रसंशोधन केंद्रातले अभ्यासक मातीचं वजन हातात आलं की त्याचं माप दोन प्रकारे घेतात. ते किती जड यावरून धाग्याचा ताण कळतो, किती जाड यावरून कापड किती दाट ते कळतं. कापड मातीत मिळून गेलं तरी खापराच्या चकतीवरून त्याचा पोत सांगता येतो.

१५ डिसेंबर

नवी वजनं घडवली. या वेळी चकत्या: सात सेंटीमीटर व्यास, तीन सेंटीमीटर जाडी. वजन पुन्हा २०० च्या आसपास. माती ओली असताना पुतणीने प्रत्येकीवर तिच्या अंगठीचा ठसा उमटवला. ग्रीक वजनांवर असे ठसे सापडतात, अंगठीचे, कर्णफुलांचे, चिमट्यांचेसुद्धा. बाईच्या अंगावर आणि हाताशी असलेली वस्तू ओल्या मातीवर टेकवलेली.

२२ डिसेंबर

चकत्या लटकवल्या. ताणा सरळ, पडद्यासारखा उभा. वारा आला की खापरं एकमेकांवर वाजतात, गुरांच्या घाटीसारखा मंद आवाज. हा आवाज कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. त्या घरांत तो दिवसभर असणार.

माग घरात नेमका कुठे ठेवत? पुतणीने ओलिन्थोसचं सांगितलं. उत्तर ग्रीसमधलं हे शहर मॅसेडोनियाच्या फिलिपने इ. स. पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केलं, आणि घरातली चीजवस्तू बरीचशी जागच्या जागी राहिली. तिथे मागाची वजनं अंगणाजवळ, ओसरीत, उजेडाच्या खोल्यांत सापडली. बायकांना मागच्या अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवत, असं शाळेत शिकलो होतो. पण अंधारात ताण्याचे धागे मोजताच येत नाहीत, हे विणणारी कोणीही सांगेल. आमचा मागही पडवीत आला तो त्याचसाठी.

आणि विणणाऱ्या सगळ्या गृहिणी नव्हत्या. अथेन्सच्या केरामेइकोस भागात वेशीजवळच्या एका मोठ्या इमारतीत शंभराहून जास्त वजनं निघाली. ती खानावळ आणि वेश्यागृह असावं असं बरेच अभ्यासक मानतात. तिथल्या बायका रिकाम्या वेळात विणत होत्या. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या शेवटी शेवटी अथेन्समध्ये दास्यातून सुटलेल्यांच्या याद्या दगडावर कोरल्या गेल्या. सुटलेल्या माणसाच्या नावाने शंभर द्राख्मांचं (द्राख्मा हे तिथलं नाणं) चांदीचं पात्र देवीला जाई. त्या यादीत बायकांच्या नावापुढे व्यवसाय लिहिलाय, आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द येतो: तालासिउर्गोस, लोकरकाम करणारी. गृहिणीचं नाव नवऱ्याने झाकलं. मुक्त झालेल्या दासीचं नाव दगडावर, कामासकट.

२९ डिसेंबर

मागच्या रांगेतल्या धाग्यांना फासे बांधले, म्हणजे प्रत्येक धागा दोऱ्याच्या वळशाने एका आडव्या काठीला जोडला. १२० फासे, प्रत्येक एकाच उंचीचा हवा. दोघींना अडीच दिवस लागले. मान भरून आली.

५ जानेवारी २०२५

विणायला सुरुवात.

मागाला तिरकं टेकवण्याचं कारण आज हातात आलं. पुढचे धागे खालच्या आडव्या दांड्यावरून येतात, मागचे सरळ खाली लोंबतात, त्यामुळे दोन थरांत फट आपोआप राहते. त्या फटीतून बाणा न्यायचा. मग फाशांची काठी पुढे ओढून आकड्यांवर ठेवायची, की मागचे धागे पुढे येतात आणि दुसरी फट मिळते. लाकडी पट्टीने वर ठोकायचं. खांदा त्याला सरावलेला नाही. माझे हात जन्मभर अंगाकडे ठोकत आले, इथे आभाळाकडे.

आणि चालायचं. बाणा डावीकडून घातला, दोन पावलं उजवीकडे. परतीचा घातला, दोन पावलं डावीकडे. दिवसभरात मी किती चालले ते पायच सांगताहेत. होमरच्या महाकाव्यांत विणणाऱ्या बाईसाठी एक ठरलेलं वर्णन येतं, मागापुढे येरझारा घालणारी. मला तो कवीचा अलंकार वाटायचा. ते साधं निरीक्षण आहे. इलियडच्या सुरुवातीलाच ग्रीकांचा सेनापती ॲगामेम्नॉन पळवून आणलेल्या क्रिसेईसबद्दल तिच्या बापाला सांगतो की ती आर्गोसमध्ये माझ्या घरी मागापुढे येरझारा घालत म्हातारी होईल. हे वाक्य मी पूर्वी वाचलं होतं. आज पोटऱ्या दुखत असताना पुतणीने ते पुन्हा वाचलं, तेव्हा अंगावर काटा आला. त्या मुलीची उरलेली सगळी वर्षं तो या दोन पावलांत मोजत होता.

१२ जानेवारी

१४ सेंटीमीटर झालं. दुपारी विजेचा लपंडाव, सहानंतर काम बंद. दिव्याच्या उजेडात काळ्यावर काळा धागा दिसत नाही.

अथेन्समधल्या एका खटल्याचं भाषण पुतणीने आणलं. खटल्यांची भाषणं लिहून देणाऱ्या लिसियासने युफिलेटोस नावाच्या माणसासाठी लिहिलेलं. बायकोच्या प्रियकराला त्याने घरात पकडून मारलं, आणि न्यायालयात तो स्वतःचा बचाव करतोय. खून बाजूला ठेवून मी फक्त घर ऐकत होते. घर दुमजली, खाली आणि वर सारखीच जागा. आधी बायका वर राहत. मूल झालं, बायको ते अंगावर पाजत होती, आणि बाळाला धुवायला तिला दर वेळी जिना उतरावा लागू नये, पाय घसरू नये, म्हणून ती खाली आली आणि नवरा वर गेला. रात्री मूल रडलं की ती त्याच्याजवळ झोपायला खाली जाई. एका रात्री दार वाजल्याचं त्याने विचारलं, तर म्हणाली, बाळाजवळचा दिवा विझला होता, शेजारून पेटवून आणला. ती खोटं बोलत होती. पण नवऱ्याला ते खरं वाटलं, कारण दिवा विझणं आणि शेजारणीकडून पेटवून आणणं ही रोजचीच गोष्ट होती. त्या खोट्यातच शेजार दिसतो.

घरातल्या दासीला युफिलेटोसने धमकी दिली: खरं सांग, नाहीतर चाबूक आणि जात्याची कोठी. बायकोचं नाव भाषणभर एकदाही नाही.

१९ जानेवारी

संक्रांतीनंतर आजी पुन्हा आल्या, सोबत तीळगूळ आणि कातलेल्या धाग्याची गुंडी. माग बघून म्हणाल्या, "वरून खाली? पाऊस पडल्यावानी." मग पट्टी घेऊन स्वतः चार ओळी ठोकल्या. चारही माझ्यापेक्षा सरळ.

जेवणानंतर पडवीत आम्ही तिघी. पुतणीने अरिस्तार्खोसची गोष्ट सांगितली. इ. स. पू. ४०४ नंतरच्या यादवीत अथेन्समधले पुष्कळ लोक पिरियस बंदराकडे पळाले. अरिस्तार्खोसच्या घरी बहिणी, भाच्या, चुलतबहिणी येऊन राहिल्या. दास सोडून घरात चौदा माणसं. शेतीचं उत्पन्न बंद, कर्ज कोणी देईना. सॉक्रेटिस त्याला म्हणाला, त्यांना लोकरकाम येतं ना, मग करू दे. अरिस्तार्खोसने पैसे उचलून लोकर आणली. बायका दुपारचं जेवतानाही काम करत, रात्रीच्या जेवणाला थांबत. घरातल्या उदास चेहऱ्यांवर हसू आलं. नंतर अरिस्तार्खोस सॉक्रेटिसला सांगतो की त्या आता मलाच बोलतात, घरात एकटा तूच काम न करता खातोस.

आजी मनापासून हसल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "घोंगडं घेनारा इचारतो, कुनी इनलं? सनगराचं नाव सांगत्यात. कातलं कुनी, ते कुनी इचारत न्हाई." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. टकळी फिरतच होती.

२ फेब्रुवारी

३८ सेंटीमीटरवर लक्षात आलं की १० सेंटीमीटर आधी एक धागा दोनदा एकाच फटीतून गेलाय. उसवलं. दोन दिवस विणलेलं उसवायला तीन तास लागले, कारण लोकर एकमेकीत गुंतते, ओढली की केसाळ होते, तुटते. होमरच्या ओडिसीतली पेनेलोपी, नवरा परत येईपर्यंत लग्नाला मागे लागलेल्यांना टोलवायला, सासऱ्याचं कफन दिवसा विणायची आणि रात्री मशालीच्या उजेडात उसवायची, तीन वर्षं. मी तिला चतुर समजत होते. रोज रात्री हेच करणारी बाई दुसऱ्या दिवशी त्याच धाग्याने कशी विणत असेल, आणि तिची बोटं कशी दिसत असतील, हा विचार आज पहिल्यांदा आला.

१६ फेब्रुवारी

६२ सेंटीमीटर. लोकर संपली. धुण्या-पिंजण्यात आणि तुटण्यात माझ्या अंदाजापेक्षा जास्त गेली, आणि उरलेली फार राठ आहे, कातता येत नाही. पुढची लोकर मेंढरं कातरल्यावर. कापड मागावरून उतरवलं नाही. वजनं तशीच लटकताहेत.

पुतणीने आज शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. अथेन्सच्या पूर्वेला समुद्राजवळ ब्राउरॉन इथे आर्टेमिस देवीचं देऊळ होतं. बायका बाळंतपणातून सुटल्या की तिला आपली वस्त्रं वाहत. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या मध्याला देवळाने त्या वस्त्रांची यादी दगडावर कोरून घेतली, तिच्या प्रती अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवरही उभ्या होत्या. कॅलिप्पी हिचं नक्षीदार आखूड वस्त्र, अक्षरं विणलेली. कोणाचं बेडकाच्या रंगाचं हिरवं. कोणाचं पेटीत ठेवलेलं. जुनं होऊन फाटलेलं असेल तर तसं नोंदवलं: चिंधी. वर्षानुवर्षं, ओळीमागून ओळ, बाईचं नाव आणि तिचं कापड. ज्या शहरात न्यायालयात उभा राहिलेला नवरा बायकोचं नाव घेत नाही, त्याच शहरात हे उघड्यावर, कोणीही वाचावं असं.

आणि त्या यादीत काही वस्त्रांपुढे एक शब्द आहे: अर्धं विणलेलं. युरिपिडिसच्या एका नाटकात देवी अथीना सांगते की बाळंतपणात गेलेल्या बायका मागे ठेवून जातात ती वस्त्रं ब्राउरॉनला, तिथल्या देवीची पुजारीण इफिजेनिया हिला वाहतील. तेव्हा त्या अर्ध्या वस्त्रांतली काही तरी अशीच आली असावीत, मागावरून उतरवून, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी नेऊन दिलेली.

वाचून झाल्यावर आम्ही दोघी मागासमोर उभ्या राहिलो. प्रकल्पाच्या प्रदर्शनासाठी खाली चिठ्ठी लावायची आहे, तिचा मजकूर ब्राउरॉनच्या पद्धतीनेच लिहायचं ठरलं. पुतणीने लिहिलं: लोकरीचं, काळं, अर्धं विणलेलं, मागावर. मग विचारलं, आत्या, नाव कोणाचं? आधी आजींचं लिहायला सांगितलं, कातणारी म्हणून. मग तिचं, मग माझं. आजींचं पूर्ण नाव आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. वाडीवर फोन करून विचारून घेतलं.